मॉरिशसच्या काळ्या खडकावर पहिल्यांदा चालताना: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

अंबाजोगाईजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हा मी आठवीत होतो. काळी माती संपली की मुरूम लागला, मुरमाखाली मांजऱ्या हा भोकांचा दगड, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. वडील काठावर बसून वर आलेला दगड हातात घेऊन निरखायचे. पुढे कितीतरी वर्षांनी मॉरिशसच्या दक्षिण टोकाला, सुयाक गावाच्या कड्यावर उभा राहून खाली पाहिलं, तर तोच पाषाण आणि तोच भोकाभोकांचा मांजऱ्या समुद्रात तुटून पडलेला.

हे नातं खरं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली, ती जागा मात्र मागेच राहिली. तिच्यावरूनच लक्षद्वीप-मालदीवची रांग तयार झाली, ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आलं, आणि आज तोच जाळ शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगतोय. तिथल्या ज्वालामुखीचा लाव्हा २००७ साली डांबरी रस्ता गिळून समुद्रात उतरला. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडातून कोरलं, त्याच घराण्यातला दगड सुयाकच्या लाटा खात उभा आहे.

हे आधी सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडचा माणूस तिथं गेला की त्याला परकं वाटत नाही. ऊन पाहिलेलं, दगड पाहिलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या फडात वेचून रचलेले काळ्या धोंड्यांचे ढीग दिसले की आपल्याच बांधावर आल्यासारखं होतं. मग पाय आपोआप सैल पडतात. पण आपल्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. लाट कशी येते, कुठवर येते आणि माणसाला कशी ओढून नेते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. आजवर ओळखीच्या लोकांबरोबर तीन वेळा त्या किनाऱ्यावर चाललो. उन्हानं आमच्यातलं कुणी आडवं पडलं नाही, पण दरवेळी कुणी ना कुणी समुद्राकडे पाठ करून ओल्या दगडावर फोटोला उभं राहिलं. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहितोय.

पहिली पायरी: महिना निवडा

छत्रपती संभाजीनगर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढं, साधारण तेवढंच सुयाक दक्षिणेला आहे, दोन्हीकडे २० अंशांच्या आसपास. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तसा तिथं नोव्हेंबरच्या अखेरीला येतो आणि जानेवारीत पुन्हा एकदा येतो. डिसेंबर ते मार्च हा उकाड्याचा, पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. नवख्यानं तो टाळावा.

जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. हवा छान, दुपारीसुद्धा अंगाची लाही होत नाही, म्हणून पुष्कळ जण हेच दिवस निवडतात. पण त्या महिन्यांत आग्नेयेकडचा वारा जोरात असतो आणि दूर दक्षिणेच्या महासागरातली वादळं मोठ्या लाटा पाठवत राहतात. दक्षिण किनारा त्यांच्या अगदी तोंडावर आहे. माझं मत विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस चांगले. पाऊस कमी, वारा उतरलेला, ऊन अजून पेटलेलं नाही. आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी बहुधा याच सुमारास लागते, आणि तिथंही दिवाळी सार्वजनिक सुट्टीची असते.

दुसरी पायरी: घरीच सराव करा

हे काम निघण्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू करायचं. डांबरी रस्त्यावरचं सकाळचं फिरणं इथं पुरत नाही. वर-खाली, ओबडधोबड दगडावर, प्रत्येक पावलाला घोटा वेगळ्या कोनात वळेल असं चालणं लागतं. देवगिरीचा किल्ला चढून उतरा. बीडकडच्यांना बालाघाटाच्या डोंगरात सौताडा आणि कपिलधारचा परिसर आहे, धाराशिवकडच्यांना नळदुर्गाजवळ बोरी नदीचा खडक आहे. आणि कुठंच जाता येत नसेल तर गावच्या ओढ्यात उतरा, पाणी आटलेल्या पात्रातल्या गोट्यांवरून तासभर चाला. फुकटचा आणि उत्तम सराव.

एक गोष्ट मुद्दाम करा: उतार. चढताना दम लागतो म्हणून माणूस सावध असतो, उतरताना गुडघे थकलेले असतात आणि मन घरी पोचलेलं असतं. साठीच्या पुढच्यांनी हातात काठी घेऊनच सराव करावा आणि तीच सवय तिथं न्यावी.

नवे बूट घेणार असाल तर ते याच दिवसांत पायात मुरवा. तळवा जाड, कडक आणि खाचांचा हवा. मांजऱ्या दगडाच्या भोकांच्या कडा काचेसारख्या लागतात, चपलेचा पातळ रबर त्यावर टिकत नाही. तळव्याची पकड कशी आहे हे घरच्या ओल्या फरशीवर आधीच तपासून पाहा.

तिसरी पायरी: पिशवीत काय

डोक्याला टोपीपेक्षा कापड बरं. कड्यावरचा वारा टोपी उडवून नेतो, आणि उडालेल्या टोपीमागे माणूस धावतो, हे धावणंच धोक्याचं. आपल्या शेतकऱ्याचा पांढरा पटका किंवा मोठा पंचा घट्ट बांधला की डोकं, कान आणि मान तिन्ही झाकले जातात. समुद्राकडे पाहताना तिथं आपलं तोंड दक्षिणेला असतं आणि वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे पाठीमागे. चेहऱ्याला काही जाणवत नाही, मान आणि पोटऱ्या मात्र भाजून निघतात. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, पूर्ण पँट. बायकांनी साडीऐवजी सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट घालावी. वाऱ्यात निऱ्या पायात येतात, आणि ओढणी असेल तर ती कमरेला बांधावी.

पाणी माणशी निदान २ लिटर, अर्ध्या दिवसाच्या चालण्याला. शिवाय मीठ-साखर. ओआरएसची पाकिटं नसली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे माप पाठ करा. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे यांना तोड नाही. मात्र बेटात शिरताना ताजी फळं, बी-बियाणं, रोपं बरोबर नेऊ नका, आणि पिशवीत जे खाण्याचं असेल ते विमानतळावर विचारलं तर सरळ सांगा. त्या बेटानं बाहेरून आलेल्या कीड-तणांनी फार सोसलं आहे.

बाकी थोडकंच: जखमेची पट्टी, चिकटपट्टी, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, शिट्टी, चार्ज केलेला फोन, आणि १५ मीटरची हलकी पण मजबूत दोरी. दोरी कशाला, ते पुढे येईल.

चौथी पायरी: पहिल्या दिवशी कुठं

विमानतळ बेटाच्या आग्नेयेला, माहेबूर गावाजवळ आहे, त्यामुळे दक्षिण किनारा जवळ पडतो. मुक्काम सुयाकला किंवा माहेबूरला करा. बस आहेत, पण संध्याकाळी लवकर आटपतात.

पहिला दिवस सुयाकच्या ग्री-ग्री या कड्याच्या किनाऱ्याला द्या. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाच्या भिंतीनं वेढलं आहे, लाटा त्या भिंतीवर फुटतात, म्हणून जाहिरातीतला शांत निळा समुद्र दिसतो. ग्री-ग्रीसमोर ही भिंत तुटलेली आहे. खुला महासागर सरळ येऊन कड्यावर आदळतो. म्हणूनच इथं वाळू दिसली तरी पोहायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. वरून, कड्याच्या माथ्यावरून चालत पुढच्या टोकाला गेलं की ला रोश की प्लर, म्हणजे रडणारा खडक लागतो. लाट आपटून गेली की त्याच्या अंगावरून पाण्याच्या धारा ओघळतात. कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट सुयाकला समुद्राकाठी राहायचे, १९५४ साली तिथंच गेले. त्या खडकात त्यांचा चेहरा दिसतो असं गावकरी सांगतात. रमतगमत जाऊन-येऊन तेवढं अंतर पहिल्या दिवसाला भरपूर झालं.

दुपारनंतर वेळ उरला तर जवळच सावान नदीवरचा रोचेस्टर धबधबा पाहा. थंड होताना आकसलेल्या लाव्हाचे उभे खांब तिथं पाण्यामागे स्पष्ट दिसतात. हे खांब नीट पाहून घ्या, कारण कडे कसे तुटतात ते त्यावरून कळतं. खांबाखांबांमध्ये उभ्या भेगा असतात. लाट खालचा भाग पोखरते आणि वरचा अख्खा खांब एका दिवशी निसटतो. म्हणजे माथ्यावर जिथं जमीन घट्ट वाटते, तिथं खाली पोकळी असू शकते.

पों नातुरेल हा नैसर्गिक दगडी पूल आणि ले सुफ्लर, जिथं लाटेचा मारा खडकाच्या भोकातून कारंज्यासारखा उसळतो, ही दोन ठिकाणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. तिथं उसाच्या फडांमधल्या कच्च्या रस्त्यांनी जावं लागतं, फाटे फार, सावली नाही. ऊसतोड चालू असेल तर गाड्यांना वाट द्या आणि रस्ता त्यांनाच विचारा. फडातल्या म्हाताऱ्या माणसाला नमस्कार केला तर बहुधा नमस्कारच परत येतो. १८३४ पासून आपल्या देशातले मजूर याच उसासाठी तिथं नेले गेले. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत मराठी माणसंही होती, मुख्यतः कोकणातली. त्यांच्या घरात आजही गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मराठी ऐकू आली तर ती आपल्यापेक्षा वेगळी लागेल, पण ती जपायला त्यांच्या पाच-सहा पिढ्या खपल्या आहेत, हे लक्षात ठेवून बोला.

पाचवी पायरी: आधी बसा, समुद्र पाहा

सगळ्या लेखातली ही एकच पायरी पाळलीत तरी माझं काम झालं.

किनाऱ्यावर पोचलात की खाली उतरू नका. कड्याच्या काठापासून निदान चार-पाच पावलं मागे बसा आणि २० मिनिटं नुसतं पाहा. गप्पा मारा, दशमी खा, पण नजर पाण्यावर ठेवा. लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा-बारा मिनिटं लहान लाटा येतील, तुम्हाला वाटेल की समुद्र शांत आहे. मग तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतील आणि ज्या दगडावर तुम्ही बसणार होता तो पांढऱ्या फेसाखाली जाईल. या लाटा हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेल्या असतात. म्हणून वर निरभ्र आभाळ, वारा पडलेला, आणि तरी समुद्र खवळलेला, असं होऊ शकतं. आपल्याकडे पाऊस लांब डोंगरात पडतो आणि कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो ना, तसंच हे.

ज्यांनी मुंबई-अलिबाग पाहिलंय ते विचारतात, ओहोटी कधी? मॉरिशसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. ओहोटी आहे म्हणून निर्धास्त उतरलो, हा हिशोब तिथं चालत नाही. लाटेची उंचीच पाहायची. निघण्याआधी मॉरिशसच्या हवामान खात्याचा अंदाज पाहा. उंच लाटांचा इशारा असेल तर त्या दिवशी किनारा सोडून द्या.

पाहून झाल्यावर दगडाचा रंग वाचा. कोरडा दगड करडा दिसतो, ओला काळा. ओल्याच्या रेषेपर्यंत लाट नुकतीच आलेली आहे, हे समुद्रानं लिहून ठेवलेलं असतं. त्या रेषेच्या बरंच वर थांबायचं. रेषेखाली हिरवट-काळं शेवाळ असतं, ते पावसाळ्यातल्या बारवेच्या पायऱ्यांपेक्षाही निसरडं. आणि समुद्राकडे पाठ कधीच नको. फोटो काढायचा तर काढणाऱ्यानं समुद्राकडे तोंड ठेवून नजर लाटेवर ठेवायची, आणि दुसऱ्या कुणीतरी फक्त पहारा करायचा. आम्ही हे काम आळीपाळीनं वाटून घेतो, लहान मुलांनासुद्धा त्यांचा वाटा देतो.

ले सुफ्लरसारख्या भोकाजवळ कारंजं उसळत नसेल तरीही जाऊ नका. ते भोक पाणी वर फेकतं तसं परत खेचूनही घेतं.

सहावी पायरी: पाऊल कसं टाकायचं

दगडावर पाऊल पूर्ण टाका, टाच किंवा चवडा एकटा नको. वजन देण्याआधी दगड हलतो का ते काठीनं किंवा बुटाच्या टोकानं चाचपून पाहा. दोन मोठ्या धोंड्यांच्या मधल्या फटीत पाय अडकून पुढे तोल गेला तर घोट्याचं हाड मोडतं. तिथं घाई करायची नाही. उतरताना गरज पडली तर बसून, हात टेकून उतरा, त्यात कमीपणा नाही. हाताला पातळ कामाचे मोजे असले तर तळहात सोलत नाहीत. चालताना बोलायचं आणि पाहायचं असेल तर थांबा. पाय चालू असताना डोळे पायापुढेच हवेत.

खाऱ्या पाण्याचे उथळ डबके दिसतात, त्यांत मासे, खेकडे असतात आणि मुलं हात घालतात. घालू देऊ नका. तिथल्या उथळ पाण्यात स्टोनफिश असतो, हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि पाठीवरचे काटे विषारी असतात. समुद्री साळूचे काटेही पायात मोडून राहतात. स्टोनफिशचा काटा लागला तर तो पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

सातवी पायरी: ऊन, जे आपल्याला येतं असं वाटतं

परभणीच्या मे महिन्यात ४२-४३ अंश सोसलेल्या माणसाला तिथले ३० अंश किरकोळ वाटतात. पण आपल्या उन्हात अंग तापतं, घसा कोरडा पडतो, ऊन स्वतःच सांगतं की सावलीला चल. त्या किनाऱ्यावर वारा घाम फुटल्याबरोबर वाळवून टाकतो. गार वाटत राहतं आणि अंगातलं पाणी निघून जातं. त्यात पाण्यावरून आणि फेसावरून परत फिरलेला उजेड खालून तोंडावर येतो. उन्हाळ्यात तिथला अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. म्हणून तहानेवर भरवसा ठेवायचा नाही, घड्याळावर ठेवायचा. दर २० मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, दर तासाला थोडं मीठ-साखरेचं पाणी. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

चालणं सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत सावलीला या. खडक एकदा तापला की दुपारभर वाफ सोडत राहतो, हे तुम्हाला देवगिरीनं शिकवलेलं आहेच. संध्याकाळी जायचं तर अंधाराचा हिशोब ठेवा. ऑक्टोबरमध्ये सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. घड्याळ दीड तास मागे घ्यायला विसरू नका, भारतीय वेळेवर गेलात तर बसची दीड तास वाट पाहत बसाल.

कुणाला डोकं जड, मळमळ, पायात गोळे असं झालं तर तिथंच थांबा, सावली करा, पाणी द्या, त्या दिवसाचं चालणं संपवा. बरळायला लागलं, अंग चटके बसावे इतकं तापलं, तर ऊन भिनलंय. अंगावर पाणी ओता, पंच्यानं वारा घाला, आणि मदत बोलवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आठवी पायरी: कुणी पाण्यात पडलंच तर

उडी मारू नका. वाचवायला उतरलेला माणूसही परत येत नाही, अशा घटना सगळ्या खडकाळ किनाऱ्यांवर घडतात, आणि आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्यांना ही चूक करण्याचा मोह जास्त होतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. इथं पाणी माणसाला उचलून खडकावर आपटतं.

एकानं बोट दाखवून पडलेल्याकडेच पाहत राहायचं, नजर क्षणभरही हलवायची नाही, फेसात डोकं एकदा हरवलं की सापडत नाही. दुसऱ्यानं फोन लावायचा: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ११४. तिसऱ्यानं दोरीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेली अर्धी भरलेली बाटली बांधून ती फेकायची. ती तरंगते आणि धरता येते. दोरी आपल्या मनगटाला गुंडाळायची नाही. पडलेल्यानं खडकाकडे धडपडण्याऐवजी लाटा फुटतात त्या जागेपासून बाहेर, मोकळ्या पाण्याकडे सरकून पाठीवर तरंगत राहायचं आणि मदतीची वाट पाहायची. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून निघण्याआधी घरात बसून एकदा सगळ्यांनी मोठ्यानं बोलून घ्या, कोण काय करणार ते नावानिशी ठरवा.

परत आल्यावर

बूट त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. मिठानं बुटाचा डिंक सुटतो, तळवा उलतो आणि दुसऱ्या दिवशी मधेच दगा देतो. बूट उन्हात नको, सावलीत वाळवा, आत कागद कोंबून. खरचटलेलं असेल ते साबणाने स्वच्छ धुवा, मांजऱ्याची बारीक कच आत राहिली की जखम पिकते. मग गावातल्या टपरीवर ढोल पुरी खा. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली ती पोळी हातात आली की पुरणपोळीच आठवते, फक्त ती गोड नसते आणि वर तिखट चटणी असते. आणि टपरीवाल्याला विचारा, उद्या समुद्र कसा राहील. तो काय सांगतो ते ऐकूनच दुसऱ्या दिवसाची वाट ठरवा.